बॅटरीवर 12.6, अल्टरनेटरवर 14.3: मधले पावणेदोन व्होल्ट कुठे गेले?

गाडी साधी पेट्रोलची, 12 व्होल्टची, बॅटरी सीलबंद लेड-अ‍ॅसिडची. मालकीणबाई रुग्णालयात रात्रपाळी करतात. म्हणजे गाडी चालते ती थोड्या अंतरापुरती आणि बहुतेक वेळा अंधारात, हेडलाइट लावून. पहिली बॅटरी वयाने संपली, नवी बसवली. वर्ष व्हायच्या आतच नव्या बॅटरीने त्रास द्यायला सुरुवात केली. सेल्फ जड मारायचा, कधी नुसतंच कट-कट करायचा. गॅरेजमध्ये बॅटरी चार्जरवर लावून परत दिली की थोडे दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. शेवटी निकाल मिळाला: "चार्जिंग येत नाही, अल्टरनेटर बदलावा लागेल." अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं, बॅटरी चार्ज करणारं जनित्र. पुरावा एकच होता. हेडलाइट लावून चालू इंजिनवर बॅटरीला मीटर लावला, तेव्हा 12.6 दिसले.

तो आकडा खरा होता. मीही मोजला तेव्हा तेवढाच आला. पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता, आणि नवा अल्टरनेटर बसवूनही मीटरवर पुन्हा 12.6 च दिसले असते. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण असे चांगले अल्टरनेटर रोज काढले जातात आणि ज्या दहा मिनिटांच्या मोजणीने ते वाचले असते, ती मोजणी कुठल्याही साध्या मल्टिमीटरने होते.

मालकीणताईंनी एक प्रश्न विचारला होता: "अहो, चार्जिंगच होत नाही म्हणतात, मग डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा एकदाही कसा लागला नाही?" त्यांना उत्तर कुणी दिलं नव्हतं. प्रश्न मात्र अगदी नेमका होता. त्याच्याकडे पुढे येतो.

मोजायला लागण्यापूर्वी

मीटर 20 व्होल्ट डीसी रेंजवर. काळी वायर कॉमनमध्ये, लाल वायर व्होल्टच्या भोकात. लाल वायर चुकून 10 अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब बॅटरीला टेकवले, तर तो थेट शॉर्ट असतो; निदान मीटरचा फ्यूज तरी जातो, आणि त्या भोकाला फ्यूजच नसेल तर मीटरही जळू शकतो. मीटरच्या आतली छोटी बॅटरी उतरलेली असेल तर कित्येक स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात. 12.1 च्या जागी 12.6 दिसले की सगळं निदानच फिरतं, म्हणून आधी ती बघून घ्यायची. हातातली अंगठी, कडं काढायचं. सैल बाही, ओढणी फॅन-बेल्टपासून दूर ठेवायची. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळपास ठिणगी नको.

प्रोब टेकवायचा तो बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर (खुंटावर), त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही. पोस्ट आणि क्लॅम्प यांच्यात पांढरी-हिरवी बुरशी असेल तर दोन्हीकडे वेगळा आकडा येतो आणि तो फरक हाच दोष असू शकतो. इथे क्लॅम्प स्वच्छ होते. सेल्फ मारताना पोस्ट ते क्लॅम्प मोजलं, 0.03 व्होल्ट. तो सांधा संशयातून सुटला.

विश्रांतीतला आकडा

गाडी रात्रभर उभी होती. सकाळी, सेल्फ मारण्याआधी: 12.08.

पूर्ण चार्ज असलेली साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी विश्रांतीत 12.6 ते 12.7 दाखवते. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे जेमतेम पाव. हे आकडे बॅटरी निवांत असतानाचे. गाडी नुकतीच चालवून बंद केली असेल तर प्लेटांच्या पृष्ठभागावरच्या चार्जमुळे 12.9, 13 सुद्धा दिसतात आणि माणूस निर्धास्त होतो. रात्रभर थांबता येत नसेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करावेत, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग मोजावं. दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि कंट्रोल युनिटं (गाडीतले छोटे संगणक) जागी होतात, तेवढ्यानेही आकडा हलतो. म्हणून बोनेट आधीच उघडून ठेवलं होतं.

मग सेल्फ. इंजिन फिरत असताना बॅटरी 9.1 पर्यंत खाली गेली. सर्वसाधारण तापमानाला 9.6 च्या खाली जाऊ नये असा ठोकताळा आहे. तेव्हा "बघा, बॅटरी गेलीच" असं म्हणायचा मोह होतो. पण हा ठोकताळा चार्ज असलेल्या बॅटरीसाठी आहे. 12.08 वर उभी असलेली बॅटरी सेल्फच्या भाराखाली बसणारच, मग ती कितीही नवी असो. अर्धवट चार्जवर घेतलेल्या सेल्फच्या चाचणीवरून बॅटरीच्या प्रकृतीबद्दल काहीच ठरवता येत नाही. एवढंच नोंदवलं की बॅटरी उपाशी आहे. तिला खायला मिळत नाही की खाल्लेलं टिकत नाही, हे अजून ठरायचं होतं.

न टिकण्याची एक शक्यता लगेच तपासली: गाडी बंद असताना कुठेतरी करंट गळतोय का. निगेटिव्ह केबलच्या मध्ये मीटर 10 अँपिअर रेंजवर लावला, दारं बंद केली आणि अर्धा तास थांबलो. सगळी कंट्रोल युनिटं झोपल्यावर आकडा 0.03 अँपिअरवर स्थिरावला. 0.05 पर्यंत चालतं. (मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फचा करंट शेकड्यात असतो.) म्हणजे गळती नव्हती. बॅटरीला मिळतच कमी होतं.

इंजिन चालू

आयडलला (रेस न देता), सगळं बंद ठेवून, बॅटरीवर 13.74. घाईत असलेला माणूस इथे समाधान मानून बोनेट लावतो. तेरा-पावणेचौदा दिसले म्हणजे चार्ज होतंय, असं म्हणण्याची पद्धत आहे.

मी हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावला, इंजिन थोडं रेस करून ठेवलं. बॅटरीवर 12.61.

हाच तो गॅरेजमधला आकडा. या क्षणी बॅटरीत जवळजवळ काहीच जात नव्हतं. भरलेली बॅटरी विश्रांतीत जेवढं दाखवते तेवढंच व्होल्टेज तिला मिळत होतं, आणि एवढ्यावर बॅटरी भरत नाही. रात्रपाळीला जाताना गाडीची रोज हीच अवस्था असणार. सेल्फने काढून घेतलेलं परत भरायला वाटेत काही मिळत नाही. पावसात त्यावर वायपरही चालू असला की उलट बॅटरीतूनच थोडं जायचं. रोज थोडं थोडं कमी.

आता मीटर उचलून अल्टरनेटरवर नेला. त्याच्या मागच्या बाजूला रबरी टोपीखाली जाड वायरचा बोल्ट असतो, तो बी-प्लस. लाल प्रोब त्यावर, काळा अल्टरनेटरच्या अंगावर. लोड, म्हणजे लावलेले दिवे, ब्लोअर, हीटर, तसाच चालू.

14.32.

अल्टरनेटर अगदी ठणठणीत होता. एवढ्या लोडवर 14.3 देणाऱ्या अल्टरनेटरला आणखी काय सिद्ध करायचं असतं? लोड काढून पाहिलं तर 14.38, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटरही जागेवर. बेल्ट सटकत असता तर लोड पडताच हा आकडा कोसळला असता. अल्टरनेटरच्या आतले कार्बन ब्रश झिजले असते तरी इथेच दिसलं असतं.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. या गाडीच्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर आतल्या आत, बी-प्लसवरचं व्होल्टेज बघतो. तिथे त्याला 14.3 दिसत होते. त्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित होतं, म्हणून तो दिवा लावत नव्हता. दिवा बॅटरीची खबर देत नाही, अल्टरनेटरची देतो. काही गाड्यांत बॅटरीकडून वेगळी बारीक वायर येऊन रेग्युलेटरला तिथलं व्होल्टेज सांगते. तशी रचना असती तर रेग्युलेटरने तूट भरून काढायला बी-प्लस 16 च्या आसपास चढवला असता आणि लक्षणं वेगळीच दिसली असती.

1.71 व्होल्टचा शोध

14.32 वजा 12.61, म्हणजे 1.71. एवढं व्होल्टेज अल्टरनेटर ते बॅटरी या वाटेवर कुठेतरी खर्च होत होतं. वाटा दोन: जायची पॉझिटिव्हची आणि परत यायची, इंजिन ब्लॉक आणि अर्थच्या (बॅटरीच्या निगेटिव्हकडे नेणाऱ्या) पट्टीतून. व्होल्टमीटर नेहमी दोन बिंदूंमधला फरक दाखवतो. त्यामुळे एकाच वायरच्या दोन टोकांना त्याचे दोन प्रोब लावता येतात. चांगली वायर आणि चांगला सांधा जवळजवळ शून्य दाखवतो. मात्र वायरमधून करंट वाहत असला पाहिजे. लोड बंद ठेवून केलेली ही मोजणी निरुपयोगी असते, आणि काढलेल्या वायरचा ओहममध्ये मोजलेला रोधही तितकाच फसवा असतो: एक तार शिल्लक असलेली केबलही ओहममीटरवर निर्दोष ठरते.

आधी परतीची वाट. अल्टरनेटरचं अंग ते बॅटरीचा निगेटिव्ह पोस्ट: 0.05. इथे 0.2 पर्यंत चालतं. अर्थ चांगली. तसं ते अपेक्षितच होतं, कारण सेल्फचा करंटही त्याच अर्थच्या पट्टीतून जातो. ती इतकी खराब असती की 35 अँपिअरला दीड व्होल्ट खाईल, तर बॅटरी भरलेली असतानाही सेल्फ फिरला नसता. ताई तर सांगत होत्या की चार्जरवरून आणल्यावर गाडी झटक्यात सुरू होते.

मग जायची वाट. बी-प्लसचा बोल्ट ते बॅटरीचा पॉझिटिव्ह पोस्ट: 1.66. दोन्ही मिळून 1.71, हिशेब दशांशापर्यंत जुळला. असा हिशेब जुळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बेरीज जुळत नसेल तर कुठेतरी प्रोब नीट टेकला नाही किंवा मोजताना लोड बदलला, आणि पुढचं सगळं अंदाजावर जातं.

आता ही वाट तुकड्या-तुकड्याने. या गाडीत अल्टरनेटरची जाड केबल बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पवरच बसलेल्या छोट्या फ्यूजबॉक्समध्ये येते, तिथल्या मोठ्या फ्यूजपट्टीतून क्लॅम्पला मिळते. बोल्ट ते केबलचा लग (टोकाची चपटी कडी): 0.01. केबलचं हे टोक ते ते टोक: 0.14, एवढ्या लांबीला ठीक. फ्यूजबॉक्समधला लग ते तो ज्या पट्टीवर आवळलेला आहे ती पट्टी: 1.43. फ्यूजपट्टीच्या दोन बाजू: 0.05. तिथून क्लॅम्प 0.02, क्लॅम्प ते पोस्ट 0.01.

लग आणि पट्टी एकमेकांना टेकलेले होते. डोळ्यांना मध्ये काहीही दिसत नव्हतं, आणि तिथेच 1.43 व्होल्ट हरवत होते. हरवत होते म्हणजे उष्णता होत होती. हेडलाइट, ब्लोअर, काचेचा हीटर आणि इंजिनची स्वतःची गरज धरून ढोबळमानाने 35 अँपिअर वाहत होते. 1.43 गुणिले 35, म्हणजे 50 वॅट. हेडलाइटचा एक बल्ब 55 वॅटचा असतो. जवळजवळ तेवढी उष्णता प्लास्टिकच्या झाकणाखाली एका नटाभोवती रोज रात्री निघत होती. बॅटरी उतरण्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त गंभीर वाटली.

इंजिन बंद केलं. निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढला, कारण बी-प्लसची वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, किल्ली काढली तरी ती जिवंतच राहते. पाना तिथून बॉडीला टेकला तर जाळ होतो. मग फ्यूजबॉक्स उघडला. नटाभोवतीचं प्लास्टिक पिवळटून तपकिरी झालेलं, एका कोपऱ्याला फुगलेलं, भाजल्याचा वास. नट नुसत्या बोटांनी फिरला. लगची खालची बाजू तांब्याच्या रंगाची राहिलीच नव्हती, काळी-निळी झाली होती, आणि पट्टीवर लगच्या कडेचा अर्धवट गोल डाग उमटला होता. म्हणजे लग पूर्ण बसलाच नव्हता, एका कडेवर टेकून होता.

क्लॅम्पवर बसलेला हा फ्यूजबॉक्स बॅटरी बदलताना सैल करावा लागतो. पहिली बॅटरी बदलली तेव्हा तो नट शेवटपर्यंत आवळला गेला नसावा, असं मला वाटतं. त्या आधी गाडीला चार्जिंगची तक्रार नव्हती. सैल सांधा गरम होतो, गरम झाला की धातूवर ऑक्साइड धरतं, ऑक्साइडने रोध वाढतो, मग तो आणखी गरम होतो. म्हणून सुरुवातीचे महिने काही जाणवलं नाही आणि नंतर तक्रार वाढतच गेली.

एका जुन्या सवयीबद्दल

इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब, चालू राहिली तर बॅटरी खराब: ही "चाचणी" अजूनही केली जाते. कृपा करून करू नका. बॅटरी हे अल्टरनेटरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारं वजन आहे. चार्जिंगचा करंट वाहत असताना ती अचानक तुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पट उसळतं, आणि अल्टरनेटरमधल्या, एसीचं डीसी करणाऱ्या डायोडपासून इंजिनच्या कंट्रोल युनिटपर्यंत काहीही जळू शकतं. शिवाय या गाडीत ती चाचणी खोटंच बोलली असती. इंजिन चालायला थोडाच करंट लागतो, तेवढा त्या काळ्या सांध्यातूनही आला असता, गाडी चालू राहिली असती आणि निर्दोष बॅटरी फेकली गेली असती.

दुरुस्ती आणि नंतरचे आकडे

लग आणि पट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली. प्लास्टिक फुगलेलं असल्याने फ्यूजपट्टी तिच्या बैठकीसकट नवी घातली. भाजलेल्या प्लास्टिकवर नट आवळला तरी ते पुढे दबत जातं आणि सांधा पुन्हा सैल होतो. स्प्रिंग वॉशर घालून नट आवळला. निगेटिव्ह क्लॅम्प शेवटी.

तोच लोड, तेवढीच रेस. बी-प्लसवर 14.30, बॅटरीवर 13.94. पॉझिटिव्ह बाजूचा एकूण ड्रॉप (वाटेत हरवणारं व्होल्टेज) 0.30, त्यातला त्या सांध्याचा 0.02. केबलवरचा आकडा 0.14 वरून 0.17 झाला होता, आणि हे चांगलं लक्षण होतं: लोड तोच असताना केबलमधून जास्त करंट जातोय, म्हणजे उरलेला बॅटरीत जातोय.

जाता जाता डायोडही पाहिले. मीटर एसी व्होल्टवर, प्रोब बी-प्लस आणि अल्टरनेटरच्या अंगावर, लोड चालू: 0.04. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर एखादा डायोड गेल्याची शंका घ्यावी. डायोड गेलेला अल्टरनेटर डीसी रेंजवर कित्येकदा बरा आकडा दाखवतो, म्हणून ही मोजणी सोडू नये. काही स्वस्त मीटर मात्र एसी रेंजवर डीसी व्होल्टेजही मोजून बसतात. इंजिन बंद असताना बॅटरीवर एसी रेंज लावून पाहावी. तिथे शून्याच्या जवळ न येता मोठा आकडा आला तर त्या मीटरने ही चाचणी होणार नाही.

बॅटरीचा प्रश्न उरला होता. इतके महिने अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता घटते. अल्टरनेटरवर भरवसा ठेवून ती पूर्ण भरणार नाही, छोट्या फेऱ्यांत तर नाहीच. म्हणून बाहेर काढून चार्जरवर सावकाश पूर्ण चार्ज केली आणि रात्रभर नुसती ठेवली. सकाळी 12.56. सेल्फ मारताना 10.1 च्या खाली गेली नाही. सीलबंद असल्यामुळे हायड्रोमीटर (आतल्या द्रवाची घनता मोजणारी नळी) घालून प्रत्येक सेल वेगळा तपासता आला नाही. एखादा सेल मागे पडला असेल तर तो तिथे लगेच सापडला असता. व्होल्टमीटर चार्ज किती आहे ते सांगतो, टाकी, म्हणजे बॅटरीची क्षमता, मूळच्या किती टक्के उरली आहे ते सांगत नाही. त्यासाठी बॅटरीवर मोठा भार टाकून मोजणारा लोड टेस्टर लागतो. तेव्हा ताईंना मी एवढंच सांगितलं की अल्टरनेटर काढू नका, बॅटरीही इतक्यात बदलू नका, पण हिचं आयुष्य पूर्ण मिळेल असं धरून चालू नका. त्यानंतर रात्रपाळीच्या फेऱ्या तशाच चालू असताना सकाळचा आकडा 12.5 च्या खाली आलेला नाही.

नव्या गाड्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अनेक गाड्यांत आता इंजिनचं कंट्रोल युनिट अल्टरनेटरला किती द्यायचं ते ठरवतं. बॅटरी भरली असेल तर ते मुद्दाम 12.6-12.8 वर ठेवतं, ब्रेक लावताना किंवा उतारावर 15 च्या जवळ नेतं. अशा गाडीत बॅटरीवर 12.7 दिसणं हा दोष नाही आणि "चौदा हवेतच" हा नियम तिथे लागू पडत नाही. पण बी-प्लस ते बॅटरी पोस्ट ही लोडखालची मोजणी तिथेही तशीच लागू पडते, कारण अल्टरनेटर कितीही व्होल्ट देत असो, चांगल्या वाटेवर त्यातले फार हरवायला नकोत.